चाकातून आवाज येतोय? बेअरिंग बदलण्याआधी या क्रमाने तपासा

चाकाकडून घुंघुं ऐकू आलं की आपल्याकडे गाडी थेट गॅरेजात जाते. मेस्त्री एक फेरी मारून येतो, चाक ज्यावर फिरतं ते बेअरिंग बदललं जातं, आणि चार दिवसांनी लक्षात येतं की आवाज तसाच आहे. मग दुसऱ्या बाजूचं बेअरिंग, मग अलाइनमेंट, मग लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा). शेवटी एखादा टायरवाला टायरवर हात फिरवून सांगतो की मागचा टायर वेडावाकडा झिजलाय. दापोलीपासून मालवणपर्यंत हीच गोष्ट इतक्या जणांकडून ऐकली आहे की सगळा क्रम एकदा नीट लिहून काढावासा वाटला.

यात मेस्त्रीला दोष देऊन फायदा नाही. आपण त्याला "चाकातून आवाज येतोय" एवढंच सांगतो. आवाज कधी सुरू होतो, कधी थांबतो आणि काय केल्यावर बदलतो, हे गाडी रोज चालवणाऱ्यालाच माहीत असतं. निदान त्यावरच होतं. आवाजाच्या नुसत्या नकलेवरून काही ठरत नाही, कारण टायर आणि बेअरिंग दोघेही सारखीच घरघर करू शकतात. वळणावर बदलणारी घरघर आणि रस्ता बदलल्यावर बदलणारी घरघर मात्र वेगळ्या असतात.

पुढचं सगळं पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या नेहमीच्या गाड्यांसाठी आहे. पिकअप किंवा जुन्या जीपसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ॲक्सलचा (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा) भाग वेगळा असतो, बाकी क्रम तोच. क्रम मोडू नका: आधी डोळे आणि कान, मग रस्ता, मग जॅक, आणि पैसे सगळ्यात शेवटी.

## तयारी

कोरडा दिवस निवडा. ओल्या रस्त्यावर टायरखालच्या पाण्याची सळसळ बाकीचे आवाज गिळते आणि भिजलेले ब्रेक स्वतःचे वेगळे आवाज काढतात. पावसाळ्यात दोन-तीन तासांची चांगली उघडीप मिळेपर्यंत थांबा.

सकाळी, गाडी हलवण्याआधी, थंड टायरमधली हवा मोजा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. कमी हवेचा टायर स्वतःच गुरगुरतो, आणि हवा न तपासता केलेल्या पुढच्या सगळ्या चाचण्या वाया जातात.

मग डिकी पूर्ण रिकामी करा. जॅक, पाना, नारळाचं पोतं, पाण्याचे कॅन, दाराच्या खणातल्या बाटल्या, सगळं काढा. स्टेपनीचा मधला बोल्ट हाताने आवळा. मागच्या चाकातून येतोय असं वाटणारा खडखडाट पुष्कळदा सैल स्टेपनीचाच निघतो.

हाताशी टॉर्च, खडू, हवा मोजायचा गेज, जॅक, पाना, चाकाखाली अडवायला चार लाकडी ठोकळे, जॅकखाली घालायला दीडेक फूट लांबीची जाड फळी आणि वही-पेन ठेवा. सोबत एक माणूस हवा. गाडी चालवताना आवाजाची बाजू ओळखणं कठीण असतं. ऐकायचं काम मागे बसलेल्याने करावं, आणि त्याने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बसून ऐकावं.

इशारा: गाडी उचलायची जागा सपाट आणि टणक हवी. सिमेंट केलेलं खळं उत्तम. लाल मातीत, विशेषतः पावसाळ्यात, जॅक एका बाजूने खचतो. आणि उचललेल्या गाडीखाली आधार म्हणून जांभा चिरा कधीही लावू नका. चिरा भिंतीत पसरलेलं वजन पेलतो, पण एका टोकावर सगळा भार आला तर तडकून भुगा होतो. गाडी जॅकवर असताना शरीराचा कोणताही भाग तिच्याखाली जाता कामा नये.

## टप्पा १: गाडी कुठून आली आणि आवाज कधी येतो, ते लिहा

पाना हातात घेण्याआधी वहीत या प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. आवाज कोणत्या वेगाला सुरू होतो? वेगाबरोबर वाढतो का?
२. सरळ रस्त्यावर येतो, की वळणावर, ब्रेक दाबल्यावर, खड्ड्यात?
३. सकाळी पहिल्या किलोमीटरला येऊन नंतर जातो, की गाडी तापल्यावर येतो?
४. गाडी उभी असताना येतो का?
५. आवाज सुरू होण्याआधी गाडीचं काय झालं होतं?

पाचवा प्रश्न बहुतेक जण सोडून देतात, आणि कोकणात तोच सगळ्यात जास्त सांगून जातो.

गाडी गणपतीपासून शिमग्यापर्यंत गावच्या घरी झाकून उभी होती का? मग डिस्कवर (ब्रेकच्या चकतीवर) गंजाचा थर असेल, मागचे लायनर (ब्रेकचं अस्तर) ड्रमला (मागच्या ब्रेकच्या गोल डब्याला) चिकटले असतील आणि टायर जमिनीवर टेकलेल्या जागी चपटे झाले असतील. चपट्या टायरची धबधब काही किलोमीटर चालल्यावर, टायर गरम झाला की बहुतेक वेळा कमी होत जाते. गेली नाही तर टायर तपासून घ्यावा.

मुरुड-कर्दे किंवा गुहागरच्या वाळूवर गाडी उतरवली होती का? वाळू आणि खारं पाणी ड्रममध्ये, कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेकच्या पट्ट्या, म्हणजे पॅड, दाबणाऱ्या भागाच्या) पिनांवर आणि बेअरिंगच्या सीलवर बसतं. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीबोटीत चढता-उतरताना रॅम्पवर भरतीचं पाणी चाकांना लागलं, तरी तेच. त्याच दिवशी गोड्या पाण्याने चाकं आतून धुतली असतील तर बराच धोका टळतो. आठवडा गेला असेल तर ब्रेकवर संशय पहिला.

पंक्चर काढलं, टायर बदलले, चाकं काढून सर्व्हिसिंग झालं आणि मग आवाज सुरू झाला का? तर इथेच थांबा, आधी नट तपासा. मोठ्या खड्ड्यात चाक आदळल्यावर सुरू झाला असेल, तर रिम, टायरचा फुगवटा आणि बेअरिंग या क्रमाने संशय धरा.

## टप्पा २: उभ्या गाडीची पाहणी

गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये, इंजिन रेस करा. तोच आवाज आला तर तो चाकाचा नाही. सायलेन्सरवरचा पत्रा सैल होऊन खणखणतो तेव्हा तो हमखास पुढच्या चाकातून आल्यासारखा वाटतो. इंजिन बंद करा आणि एकेका चाकापाशी बसा.

नट. पान्याने प्रत्येक नट आवळून बघा. एक जरी सैल निघाला तरी सगळे आवळा आणि मग फेरी मारून या. सैल नटाचा आवाज हळू वेगात टकटक, नंतर धडधड असा येतो आणि स्टिअरिंग थरथरतं. नटांची भोकं लांबट झालेली किंवा नटाभोवती ताजी चकाकी दिसली तर गाडी चालवू नका.

व्हील कॅप. प्लास्टिकच्या कॅप काढूनच ठेवा. टिकटिक आणि करकर यांचा मोठा वाटा या कॅपचा असतो.

टायरच्या खाचा. अडकलेली खडी, खिळे, काचा बघा. खडी टोकदार वस्तूने काढा. खिळा दिसला तर घरी उपटू नका, पंक्चरवाल्याकडे जाऊन काढा.

टायरवरून हात. ही तपासणी घाईने होत नाही. तळहात टायरच्या पट्टीवर ठेवून आधी पुढे, मग मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखं बोचरं लागलं, तर घरघर टायरचीच असण्याची शक्यता मोठी. हात वरखाली होत असेल तर टायर ठिकठिकाणी खोलगट झिजलाय. तिथे शॉकअप्सर कमजोर झालाय का तेही बघावं लागेल. मागचे टायर वर्षानुवर्षं फिरवून पुढे आणले नाहीत की हे होतं, आणि आतल्या कडेला जास्त होतं. म्हणून हात आतपर्यंत घाला. हाताला तारा लागू शकतात, जाड हातमोजे घाला.

फुगवटा. टायरच्या दोन्ही बाजू टॉर्च टाकून बघा. आतली बाजू बघायला पुढची चाकं एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवा. फुगवटा म्हणजे आतल्या दोऱ्या तुटल्या. त्यावर दुरुस्ती नाही, तो टायर त्याच दिवशी उतरवायचा. खाचांच्या तळाशी झिजेची खूण म्हणून उंचवटे असतात. खोली १.६ मिमी उरली की टायर त्यांच्या पातळीला येतो आणि संपतो. बाजूवर छापलेला चार आकडी कोड टायरचं वय सांगतो: पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचा शाबूत असूनही रबर टणक झालेला जुना टायर जास्त आवाज करतो.

रिमच्या आत. लाल चिखल रिमच्या आतल्या बाजूला थापला जातो आणि वाळून दगड होतो. त्याने चाकाचं बॅलन्सिंग बिघडतं आणि ७०-८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंगचे पैसे देण्याआधी रिम आतून खरवडून धुवा.

चाकामागचा भाग. मडफ्लॅप आणि चाकावरचं प्लास्टिकचं आवरण टायरला घासतंय का? घासत असेल तर त्यावर चकचकीत पट्टा दिसेल. ॲक्सलला दोरा गुंडाळलेला आहे का? जेटीवर गाडी नेणाऱ्यांनी हे मुद्दाम बघावं. जाळ्याचा नायलॉन दोरा ॲक्सलभोवती बसला की आधी फरफर आवाज येतो, मग ऑइल सील कापलं जातं. त्याच वेळी ॲक्सलच्या टोकाचा रबरी बूट बघा. तो फाटून रिमच्या आतल्या बाजूवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडाले असतील तर टप्पा ६ तुमच्यासाठी आहे.

तपासा: या टप्प्यात काही सापडलं असेल तर तेवढंच दुरुस्त करा आणि गाडी चालवून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम केल्या की आवाज कशाने गेला हे कळत नाही, आणि तो परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

## टप्पा ३: गडग्याच्या कडेने हळू फेरी

वाडीतल्या रस्त्यावर एका बाजूला गडगा किंवा कंपाउंडची भिंत असेल अशी सरळ जागा बघा. त्या बाजूची काच खाली करा आणि १० ते २० च्या वेगाने भिंतीला समांतर जा. भिंतीवर आपटून आवाज परत येतो आणि गाडीत बसून न ऐकू येणाऱ्या बारीक गोष्टी स्पष्ट होतात. मग गाडी वळवून दुसरी बाजू भिंतीकडे करा. कोणत्या बाजूला आवाज मोठा, ते लिहा.

आता मोजा. लहान गाडीचं चाक एका फेऱ्यात साधारण १.८ ते २ मीटर जातं, म्हणजे २० च्या वेगाला सेकंदाला जवळपास ३ फेरे होतात. टकटक त्याच गतीने येत असेल तर काहीतरी चाकाच्या एकाच जागी आहे: अडकलेली खडी, फुगवटा, वाकलेली रिम. खात्री करायची तर टायरवर खडूची रेघ मारा. गाडी अगदी हळू पुढे न्या आणि सोबतच्याला बाजूने चालत बघायला सांगा, आवाज प्रत्येक वेळी रेघ त्याच जागी आल्यावर होतो का. सलग घरघर असेल, मोजताच येत नसेल, तर ती पुढच्या टप्प्याची बाब आहे.

पत्रा घासल्यासारखी किरकिर अचानक सुरू झाली असेल, तर डिस्क आणि तिच्या मागचा पातळ पत्रा यांत खडा अडकल्याची शक्यता आहे. कच्च्या रस्त्यावर हे सारखं होतं. आवाज भयंकर असतो, कारण मात्र किरकोळ. मोकळ्या जागी सावकाश थोडं मागे-पुढे केल्यावर खडा पुष्कळदा आपोआप पडतो. नाही पडला तर चाक काढून पत्रा स्क्रू ड्रायव्हरने हलकेच बाहेर ओढायचा. यासाठी कोणी डिस्क बदलायला सांगत असेल तर आधी चाक काढून दाखवायला सांगा.

## टप्पा ४: मोकळ्या रस्त्यावर टायर की बेअरिंग

सगळ्यात जास्त पैसे चुकीचे जातात ते इथे. रहदारी कमी असलेला, सरळ, सपाट रस्ता हवा. कशेडी, भोस्ते, आंबा, करूळ यांपैकी कोणत्याही घाटात या चाचण्या करायच्या नाहीत.

पहिली चाचणी, गिअर. ६० च्या वेगाला आवाज पक्का ऐका, मग गिअर बदलून त्याच वेगाने चाला. इंजिनचे फेरे बदलले तरी आवाज तसाच राहिला तर तो चाकांकडचा. आणखी खात्रीसाठी सरळ रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करून गाडी वाहू द्या. इंजिन चालूच राहिलं पाहिजे. ते बंद केलं तर ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात, आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. ऑटोमॅटिक गाडीत न्यूट्रल करू नका, नुसता ॲक्सिलरेटर सोडा.

दुसरी चाचणी, रस्त्याचा पृष्ठभाग. मुंबई-गोवा हायवेचं काँक्रीट आणि गावाकडचं डांबर यांचा इथे छान उपयोग होतो. त्याच वेगाने एकावरून दुसऱ्यावर जा. आवाजाचा पोत लगेच बदलला, काँक्रीटवर मोठा आणि नव्या डांबरावर जवळपास गायब झाला, तर टायर. पृष्ठभाग बदलूनही घुंघुं जशीच्या तशी राहिली, तर बेअरिंगवर संशय पक्का होतो. काँक्रीटवर नवे टायरसुद्धा जास्त आवाज करतात. नवा हायवे पहिल्यांदा धरल्यावर गाडी बिघडली असं समजून येणारे पुष्कळ असतात.

तिसरी चाचणी, वजन एका बाजूला टाकणं. ५०-६० च्या वेगाने, रस्ता पूर्ण रिकामा असताना, लेनमध्येच हलकेच डावीकडे आणि मग उजवीकडे वळा. गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घुंघुं वाढली तर बहुतेक वेळा उजवं बेअरिंग, आणि उजवीकडे वळताना वाढली तर डावं. "बहुतेक वेळा" हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. काही बेअरिंग भार आल्यावर उलट गप्प होतात. बाजू जॅकवर नक्की करायची, रस्त्यावर फक्त अंदाज घ्यायचा.

नेहमीची चूक: पुढून आवाज येतोय म्हणून पुढचंच बेअरिंग बदलणं. गाडीचा पत्रा आवाज वाहून नेतो. मागच्या चाकाची घरघर ड्रायव्हरला पुढून आल्यासारखी वाटते, आणि उलटही होतं. मागे बसलेल्या माणसाचं म्हणणं वहीत लिहिल्याशिवाय बाजू ठरवू नका.

## टप्पा ५: ब्रेक

४० च्या वेगाने जात ब्रेकवर पाय नुसता टेकवा. आवाज थांबला, सुरू झाला किंवा त्याचा सूर बदलला तर मूळ ब्रेकमध्ये आहे.

सकाळी पहिल्या काही ब्रेकला खरखर होऊन मग शांत झालं, तर तो डिस्कवर रात्रीत बसलेला गंज. समुद्राकाठी हे रोजचंच आहे, त्यासाठी काही बदलायची गरज नाही. दोन-तीन किलोमीटर चालवून, बऱ्याचदा ब्रेक लावूनही खरखर राहिली तर मात्र पुढे बघा.

बारीक, कान टोचणारी चीं येत राहते, तेव्हा पॅडवरची धातूची खुणपट्टी डिस्कला लागत असण्याची शक्यता आहे. ती पॅड संपत आल्याचं सांगायला मुद्दाम बसवलेली असते. रिमच्या फटीतून टॉर्च टाकून पॅडची जाडी बघा. ३ मिमीच्या आसपास आली की बदला, आणि एका बाजूचे न बदलता दोन्ही चाकांचे एकदम बदला. दोन्ही बाजूंची झीज सारखी आहे का तेही बघा. एकच पॅड लवकर संपला असेल तर बहुधा कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या आहेत. किनाऱ्यावरच्या गाड्यांत हे फार दिसतं, आणि पिना साफ न करता नवे पॅड टाकले तर तेही तसेच जातात.

ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्याचा खर्र आवाज आणि पेडलला कंप आला, तर गाडी जागेवरच सोडा. अशी गाडी घेऊन घाट उतरणं जिवावर बेतू शकतं.

मागच्या ड्रमसाठी सपाट, रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर २० च्या वेगाला हँडब्रेकचं बटण दाबून धरा आणि तो किंचित वर ओढा. आवाज बदलला तर ड्रम उघडावा लागेल. बटणावर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकच्या गाडीत हे करू नका. उन्हाळ्यात जांभ्याची लाल धूळ ड्रममध्ये साचते आणि घासत राहते. साफ करताना ती फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवू नये, लायनरची पूड छातीत जाते. ब्रेक क्लीनर आणि ओलं फडकं वापरायला सांगा.

हँडब्रेक ओढून पावसात दोन-चार दिवस गाडी उभी राहिली की लायनर ड्रमला चिकटतात आणि निघताना "टक्‌" असा मोठा आवाज होतो. चाक सुटत नसेल तर रेस करून ओढू नका, पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये हलकेच मागे-पुढे करा. पावसाळ्यात सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळे लावले तर हँडब्रेकची गरजच पडत नाही.

थोडं अंतर, शक्यतो ब्रेक न लावता, चालवून थांबा आणि हाताची मागची बाजू प्रत्येक रिमच्या जवळ न्या. स्पर्श करू नका. एकच रिम बाकीच्यांपेक्षा खूप तापलेली असेल, जळका वास येत असेल, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाहीये.

इशारा: चीं थांबवायला डिस्कवर, पॅडवर किंवा ड्रममध्ये तेल, ग्रीस, गंज काढायचा स्प्रे काहीही मारू नका. आवाज थांबेल आणि ब्रेकही थांबेल.

## टप्पा ६: पूर्ण वळण

मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवा आणि हळू, पण थोडा ॲक्सिलरेटर देत गोल फिरा. मग उजवीकडे. टकटकटकटक असा आवाज आला आणि ॲक्सिलरेटर सोडताच कमी झाला, तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट झिजलाय, बहुधा वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या चाकाचा. नुसती फरफर असेल तर टायर आवरणाला घासतोय.

बूट फाटलाय पण आवाज अजून नाही, अशी गाडी नशीबवान. बूट आणि ग्रीस लगेच बदललं तर जॉइंट वाचतो. चालढकल केली तर लाल चिखल आत जाऊन जॉइंट दळून काढतो, आणि मग खर्च कित्येक पट होतो.

## टप्पा ७: खड्डे

इथे वेळ घालवायची गरज नाही, खड्डे शोधावेही लागत नाहीत. लहान उंचवट्यांवर १५-२० च्या वेगाला खडखड होत असेल तर लिंक रॉड (सस्पेन्शनमधली बारीक जोडदांडी), ब्रेक लावताना किंवा सोडताना एकदाच "टक" होत असेल तर लोअर आर्मचा बुश (सांध्यातला रबर), उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कर्रकर्र किंवा स्प्रिंग उडाल्यासारखं होत असेल तर शॉकअप्सरच्या वरचं माउंटिंग. हे सगळे संशय आहेत, पक्कं जॅकवर ठरतं.

## टप्पा ८: जॅकवर खात्री

पुढचं चाक तपासताना: हँडब्रेक ओढा, दोन्ही मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल करा. मागचं चाक तपासताना: हँडब्रेक सोडा, पहिला गिअर टाका आणि ठोकळे पुढच्या चाकांना लावा. हा उलटा नियम विसरल्याने मागचं चाक फिरतच नाही आणि "ब्रेक जॅम" असं चुकीचं निदान होतं.

जॅक दिलेल्या खाचेतच लावा. समुद्राजवळच्या जुन्या गाडीत दाराखालची ती पट्टी आधी दाबून बघा. गंजून पोकळ झाली असेल तर जॅक आत घुसतो. तसं असेल तर हा टप्पा गॅरेजच्या लिफ्टवर करून घ्या. चाक जमिनीपासून दोन बोटं सुटलं की पुरे.

अ) चाक हाताने फिरवा. पॅडचा हलका सुस्स आवाज चालतो. आता एक हात स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्याने चाक फिरवा. बोटं स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये जाऊ देऊ नका. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये बारीक खरखर हाताला जाणवते. कानाला न कळणारी गोष्ट इथे हाताला कळते, म्हणून ही चाचणी सोडू नका. दुसऱ्या बाजूचं चाकही फिरवून तुलना करा.

आ) चाक वर आणि खाली, घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून आतबाहेर हलवा. खेळ (सैलपणा) जाणवला तर सोबतच्याला ब्रेक पेडल दाबायला सांगा. त्याने गाडीत बसू नये. गाडी उचलण्याआधीच दार उघडून ठेवावं आणि बाहेर उभं राहून हाताने पेडल दाबावं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो बेअरिंगचा. तसाच राहिला तर बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा गोल सांधा) किंवा बुशकडे बघा.

इ) आता ९ आणि ३ च्या जागी धरून हलवा. फक्त या दिशेला खेळ असेल तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांडीचं टोक).

नेहमीची चूक: "चाकात खेळ नाही, म्हणजे बेअरिंग चांगलं आहे." हल्लीच्या बंद हब बेअरिंगमध्ये खेळ अजिबात नसतानाही घरघर येऊ शकते. खेळ असणं पुरावा आहे, नसणं पुरावा नाही. स्प्रिंगवरच्या हाताचा कौल जास्त महत्त्वाचा.

## टप्पा ९: टायरची अदलाबदल

इतकं करूनही टायर की बेअरिंग ठरत नसेल, तर एका बाजूची पुढची-मागची चाकं बदला. बाजू तीच ठेवा, म्हणजे एकाच दिशेने फिरायच्या टायरचाही घोळ होत नाही. पुढच्या-मागच्या टायरचा आकार वेगळा असेल तर मात्र हे करू नका. एकाच जॅकवर हे असं जमतं: पुढचं चाक काढून तिथे स्टेपनी लावा, गाडी खाली घ्या. मागचं काढून तिथे पुढचं लावा. मग स्टेपनी काढून तिथे मागचं लावा. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, एकाशेजारचा एक असे नको. शेवटचा ताण चाक जमिनीला टेकल्यावर द्या.

त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने जा. आवाजाची जागा किंवा सूर बदलला तर टायर. काहीच बदललं नाही तर बेअरिंग. मग दुसऱ्या बाजूचंही तसंच करा.

## टप्पा १०: गॅरेजात काय सांगायचं, काय मागायचं

वही उघडून सांगा: "६० नंतर घुंघुं येते, डावीकडे वळल्यावर वाढते, काँक्रीट आणि डांबरावर सारखीच, उजव्या पुढच्या स्प्रिंगला खरखर लागते." चांगला मेस्त्री असं बोलणाऱ्याला मनापासून दाद देतो आणि थेट त्या चाकावर जातो. त्याला सोबत बसवून आवाज ऐकवा.

बेअरिंग बदलायचं ठरलं तर ते प्रेसवर बसवायला सांगा. हातोडीने ठोकून बसवलेल्या बेअरिंगच्या रिंगला बारीक खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग काही महिन्यांत ओरडायला लागतं. एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकीय पट्टी असते. ती सेन्सरच्या बाजूलाच यायला हवी. उलट बसवलं तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो. जुना भाग परत मागा आणि तिथेच हातात फिरवून बघा. तो लोण्यासारखा फिरत असेल, तर आवाज दुसरीकडून येत होता, आणि हे पैसे देण्याआधी बोलायला हवं.

त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर, काच खाली करून फेरी मारा. चाक काढलेलं असल्यामुळे ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर सगळे नट पुन्हा आवळा. किती ताण द्यायचा ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, लहान गाड्यांत साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना टायरवाल्याकडे मिळतो. पान्यावर उभं राहून आवळू नका, आणि स्टडला तेल लावू नका.